पाचशे ग्रॅमपर्यंत

आमच्या इमारतीत लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं घालावं लागतं,
नाहीतर ती हलत नाही.
त्या रात्री वाझाने नाणं घातलं
आणि पाचव्या मजल्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.
एक हात कोटाच्या आत, डाव्या बाजूला.
मला वाटलं, पुन्हा छातीत दुखतंय.

आतून निघालं ते ओल्या मोज्याएवढं.
मिनीबसच्या इंजिनापाशी सापडलं म्हणे,
तेलाने माखलेलं, डोळे शिवल्यासारखे.
मांजर डोळे मिटून दूध पितं
आणि समजतं, कुणी बघत नाही.
याचे तर उघडलेच नव्हते अजून;
जग आहे, ही बातमीच पोचली नव्हती.

"सकाळपर्यंत," वाझा म्हणाला.
सकाळपर्यंत ठेवू, की सकाळपर्यंत जगेल,
मी विचारलं नाही.

एकेचाळीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधलेला माणूस.
कपाटावरून त्याने पितळी तराजू काढला,
पारड्यात माझा रुमाल अंथरला,
रुमालाचे सव्वीस ग्रॅम आधी वजा केले.
पिल्लू : एकशे नव्वद.
जुन्या हिशेबवहीत तारीख घालून लिहिलं
आणि मला बजावलं,
पाचशे होईपर्यंत नाव ठेवायचं नाही.

गाईचं दूध नाही, ते बाधतं.
नातेलाची सून जनावरांच्या दवाखान्यात आहे,
तिने पावडरचा डबा आणून दिला;
किंमत ऐकून मी खुर्ची ओढली.
दर दोन तासांनी पाजायचं, पालथं धरून.
उताणं धरलं तर दूध छातीत जातं.
दोन बाळं वाढवलेला माझा हात
आपोआप उताणाच वळायचा.
मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस
पोटाखाली फिरवायचा, आई जीभ फिरवते तसा,
तेव्हा कुठे शू होते.
सत्तरी ओलांडलेला नवरा
कापसावरचा पिवळा डाग खिडकीच्या उजेडात धरून
समाधानाने बघतोय,
हे मी कुणाला सांगणार?

चौथ्या रात्री वीज गेली.
रिओनी नदीवरून येणारा वारा फटींतून शिट्या घालत होता.
बाटलीत गरम पाणी भरलं, तिला गोगीचा लहानपणचा स्वेटर चढवला,
पण पिल्लू बाटलीकडून सरकून
पुन्हा पुन्हा वाझाच्या काखेत शिरायचं.
पहाटे बघते तर हा खुर्चीत ताठ बसलेला,
बंडीची दोन बटणं उघडी.
"हलवू नकोस," म्हणाला,
"आत दोन घड्याळं आहेत आणि
त्यातल्या त्यात हेच वेळ बरोबर दाखवतंय."

सातव्या दिवशी सहा ग्रॅम कमी भरले.
त्याने तीनदा मोजलं. रात्री जेवला नाही.
राजम्याचं कालवण मी पातेल्यासकट बाल्कनीत ठेवून दिलं.

गोगी दर रविवारी ग्दान्स्कहून फोन करतो, ट्रकमधूनच.
ब्लडप्रेशर किती, म्हणून विचारलं
तर याने कॅमेऱ्यासमोर हिशेबवही धरली.
गोगी बराच वेळ वाचत राहिला.
"बाबा, माझं वजन कधी लिहिलं होतंत?"
वाझाने वही मिटली,
आणि तिकडे पाऊस आहे का, असं विचारलं.

डोळे उघडले. निळे, कशावरच न ठरणारे.
मग कान उभे राहिले, मग नखं,
मग वॉशिंग मशीनच्या मागे एक अख्खी दुपार.
मार्चच्या शेवटी एका सकाळी
मी चहाचं पाणी ठेवत होते. आतून ऐकू आलं,
"घोमी, हळू. घोमी, सगळं तुझंच आहे."

घोमी म्हणजे आमच्याकडची मक्याची पांढरी लापशी.
ती तशीच होती, पांढरी आणि जिथे ठेवाल तिथे पसरणारी.
मी दारात उभी राहिले.
"पाचशे झाले का?"
"झाले," तो म्हणाला, वर न बघता. "लिहिलंय."

लिहिलं होतं. पाचशे, खाली दुहेरी रेघ.
एकेचाळीस वर्षांत कुणाला गुंजभर कमी-जास्त न दिलेला माणूस.
पारड्यात माझा रुमाल तसाच होता,
आणि वजाबाकीची जागा कोरी.

मी पेन्सिल शोधली, आणि मग परत ठेवली.
घोमी पडद्याला लटकली होती,
पडदा तसाही बदलायचाच होता.