जोखमीचा तक्ता

अकराशे चाळीस पानं.
मी त्यांना भोकं पाडली, दाभणानं दोरा ओवला.
अरबी उजवीकडे, इंग्रजी डावीकडे,
मधली शिवण तेवढी माझी.

सूरच्या खाली, कासवांच्या किनाऱ्याअलीकडे
समुद्र गोड करायचा कारखाना उभा राहणार.
जमीन सरकारची. पैसा कंपनीचा,
म्हणजे कंपनीला बँकांचा.
पंचवीस वर्षं ठरल्या भावानं पाणी घ्यायचं,
मग चाव्या परत सरकारकडे,
पंपांना तेल घालून.

हे समजवायला विमानानं वकील आले.
केळशीला अब्बा आंब्याची कलमं करारानं देत.
झाडं आमची, फवारणी त्याची, राखण त्याची,
मोहोर करपला तर कुणाचा,
हे मोहोर यायच्या आधीच
ओटीवर बसून, चहा निवेपर्यंत बोलून घ्यायचं.
कागद नसे.
भांडण असे, दोन-तीन वर्षांआड एखादं.

परिशिष्ट नऊ. जोखमीचा तक्ता. रकाने दोन.
वादळ आलं, सरकारचं.
गंज चढला, कंपनीचा.
व्याज चढलं तर खालची टीप बघा,
टिपेला आणखी एक टीप.
आणि जेलीफिश? पाणी ओढायच्या तोंडाशी
थवेच्या थवे अडकून पंप बंद पडले तर?
तीन दिवस गेले ह्यात.
चौथ्या रात्री अकराला जेलीफिश कंपनीकडे गेले
आणि मी ते पान सतराव्यांदा छापलं.

वादी म्हणजे इथे कोरडी नदी.
आपल्याकडे फिर्याद घेऊन येणारा.
खल्फान दोन्ही होता थोडा थोडा:
वादीतल्या नऊ वस्त्यांना त्याच्याच टँकरचं पाणी.
जिन्याखाली उभं राहून विचारलं त्यानं,
"माझी गाडी कुठल्या रकान्यात?"
मी हसलो.
मग वर जाऊन खरंच शोधलं.
नव्हती.

चौथ्या वर्षी नळ आले.
खल्फानच्या मावशीनं पेला तोंडाला लावला,
म्हणाली, ह्याला चवच नाही,
आणि दुसरा भरला.
त्या रात्री तिनं दोनदा अंगण धुतलं.
टँकरची वाट बघत रात्र जागवणाऱ्या बाईनं
धुळीवर पाणी ओतलं,
नुसतंच.
मी करारातलं एकही कलम तिला सांगू शकलो नसतो,
पण ते सगळे तिच्या अंगणात ओले झाले होते.

खल्फाननं गाडी विकली, पडेल त्या भावाला.
आता पहाटे होडीतून जाळी साफ करतो.
पारदर्शक, लिबलिबीत, बादल्या भरभरून.
जेलीफिश कंपनीच्या रकान्यात गेले,
त्यांच्या मागोमाग तोही.
हात खाजतात म्हणतो. पगार एक तारखेला होतो, हेही म्हणतो.

माझा व्हिसा दोन वर्षांचा, करार पंचविसांचा.
चाव्या परत जातील तेव्हा मी केळशीत असेन,
असलो तर.
तोवर कधीमधी कपाट उघडून
तो जाडा गठ्ठा मांडीवर घेतो,
आतलं काही वाचत नाही,
दोरा बोटानं ओढून बघतो.