सहाव्या महिन्याचा अहवाल

विषय : महाविद्यालयीन ग्रंथालयाचे नूतनीकरण व विस्तार.
संदर्भ : आपला छापील तक्ता, ज्यात रकाना एकच,
'काम किती टक्के झाले?'

माननीय प्राचार्य,
सविनय कळवते की
जूनमध्ये इथे, पुन्ता अरेनासला, सूर्य दहा वाजता कामावर येतो
आणि साडेपाचला कुणाला न विचारता निघून जातो.
बार्रिया मुकादमाची माणसं मात्र आठलाच हजर,
बॅटरीच्या उजेडात पायाचे खड्डे चाचपत.
ओतलेलं काँक्रीट रात्रीतून गोठू नये
म्हणून वर ताडपत्री, ताडपत्रीखाली डिझेलची शेगडी,
आणि शेगडीपाशी ओलेगारियो,
तापलेल्या लेकराच्या उशाशी बसावं तसा,
दर तासाला उठून हात लावून बघणारा.
(इथे मात्र अंगात ऊब राहिली तरच बरं.)

पूर्वेची भिंत पाडली.
सगळे विचारतात म्हणून सांगते,
भिंतीत काही सापडलं नाही.
ना पत्र, ना दडवलेली वही, ना नाणं.
नुसती मेंढीची लोकर,
कुणीतरी कधीतरी वारा अडवायला ठासलेली,
अजून तेलकट, अजून गोठ्याचा वास धरून.
एदेल्मिराबाईंनी मूठभर उचलली,
कोटाच्या खिशात घातली.
एकतीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या.
म्हणाल्या, "तरीच."

पुस्तकं व्यायामशाळेत हलवली.
तत्त्वज्ञान बास्केटबॉलच्या रिंगखाली आहे,
भूगर्भशास्त्र फ्री-थ्रोच्या रेषेवर.
मुलं हळू खेळतात.
हलवायच्या दिवशी वारा असा होता
की चौकात दोर बांधले होते, माणसांनी धरून चालावं म्हणून,
आणि आम्ही दोनशे जण दोराच्याऐवजी पुस्तकं धरून उभे,
या हातातून त्या हातात.
नर्सिंगची एक मुलगी, यास्ना,
ग्रंथालयाचं कार्डसुद्धा कधी न काढलेली,
हातात आलेलं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून पुढे देत होती,
हजेरी घ्यावी तसं.
चारच्या सुमारास एकाएकी गप्प झाली.
एक पुस्तक पुढे गेलं नाही.
संगणक खोक्यात, रजिस्टर खोक्यात,
मग तिनं क्रमांक तळहातावर लिहून मला दाखवला.
एव्हाना धुऊन गेला असेल.
पुस्तक परत आलेलं नाही.
मी मागितलेलं नाही.

खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे.
काचा अडकल्या आहेत जहाजात,
जहाज अडकलंय वाऱ्यात,
वाऱ्याला आपण स्मरणपत्र पाठवावं, ही विनंती.

आणखी एक.
एदेल्मिराबाई ऑक्टोबरात निवृत्त होतात,
इमारत डिसेंबरात उघडते.
नकाशात त्यांच्या टेबलाच्या जागी यंत्र आहे,
पुस्तक स्वतःच ठेवा, स्वतःच घ्या.
यंत्र चांगलं आहे. माझी तक्रार नाही.
पण रोज दुपारी डबा खाऊन झाला
की त्या जुन्या दालनात एक फेरी मारतात.
आत काही नाही.
लाकडी जमिनीवर कपाटांच्या फिकट चौकटी तेवढ्या,
चित्र उतरवल्यावर भिंतीवर राहते तशा.
सरळ चालत जाता येतं या टोकापासून त्या टोकाला.
त्या जात नाहीत.
नसलेल्या कपाटाशी थांबतात, वळसा घालतात,
पुढच्या नसलेल्या कपाटाशी पुन्हा वळतात,
इतिहास संपला तिथे किंचित अंग चोरतात,
तिथली वाट आधीपासूनच अरुंद होती.

परवा पाहिलं,
खांद्यावर फळी घेतलेला बार्रियाचा एक पोरगा
घाईत होता, शिट्टी वाजवत होता,
आणि त्याच चौकटीशी येऊन
तोही वळला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा तक्त्यात एकेचाळीस टक्के लिहावे.
सिमेंटपुरतं ते खरं आहे.

आपली विश्वासू,
साहाय्यक ग्रंथपाल.

ता. क. ओलेगारियोचा ओव्हरटाइम
मार्चपासून थकला आहे.