शेणकाल्याचं कोर्ट

जिनाच्या मागे, सरकीच्या ढिगापलीकडे
साहेब लोकांचं एक कोर्ट होतं.
खाली मुरूम, त्यावर पिवळी माती, वर शेणकाला.
दर शनिवारी द्रुपदाची माय ते सारवायची
गुडघ्यांवर, मागे मागे सरकत.
द्रुपदा बादली धरायची.
मी चेंडू वेचायचो, एक आणा रोज.

भरूचा मॅनेजरच्या बाईंना जोडीदार मिळेना,
तेव्हा त्यांनी तिला बादली खाली ठेवायला लावली.
एवढंच. कुणी काही ओळखलंबिळखलं नाही.
समोरून चेंडू परत यायला हवा होता.
तो आला.
मग येतच राहिला.

लोक म्हणाले, मनगट आहे पोरीला.
कापूस वेचणारा हात, त्याला घाई असतेच, असंही कुणी म्हणालं.
मी एकदा सरळ विचारलं.
‘माय कुठं थकते, मले ठाव हाय,’ ती म्हणाली.
‘तिथं तिचा हात हलका पडते. चेंडू तिथं दबते.’

एकावन्न साली नागपूर.
आर्वीची छोटी गाडी, पुलगावला बदल,
काष्टा घातलेलं लुगडं, पाय अनवाणी.
पंच म्हणाले, बूट पाहिजेत.
भरूचाबाईंचे बूट दोन बोटं मोठे होते,
पुढे कापूस कोंबला, आमच्याच जिनातला.
नागपूरच्या कोर्टावर तिची माय नव्हती,
पण कुणाची तरी होतीच.
आदल्या संध्याकाळी ती एकटी जाऊन
जमिनीवरचे हातांचे वळसे बघून आली.
सहा-चार, सहा-एक.
बावन्नला पुन्हा तीच.
त्रेपन्नला समोरच्या बाईंनी मध्येच
रॅकेट खाली ठेवली
आणि पाणी मागितलं.

पेपरात ‘दुर्गा भोयर’ छापून आलं.
ते कात्रण तिनं जपलं नाही. माझ्याकडे आहे.

मग कलकत्ता.
तिथं गवत होतं.
गवत निंदायचं असतं.
त्यावर कुणी खेळतं, हे तिला सांगायचं
सगळ्यांकडूनच राहून गेलं.
ती वाकून वाकून पाहत राहिली,
कुठं एका हाताची खूण नाही,
यंत्रानं कापलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं.
सहा-शून्य, सहा-शून्य. अडतीस मिनिटं.
परतीच्या गाडीत ती नागपूर सुटेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, ‘लय देखणं होतं बे.’

त्या पावसाळ्यात माय गेली.
सारवायला दुसरी बाई लावली होती; दोन शनिवार आली.
भरूचा मुंबईला गेले, जाळी कुणीतरी
कोंबड्यांच्या खुराड्याला नेली.
द्रुपदा तळेगावला नांदायला गेली.

कप दोन होते.
एकानं ती सासरी तूर मोजायची.
तो पायलीहून चिपटंभर कमी भरे,
शेजारणी म्हणत, ‘तुह्या कपानं नको वं माय, पायलीनं दे.’
दुसरा कुठं गेला, ते तिनं मला सांगितलं नाही.
मीही दोनदाच विचारलं.

ब्याण्णव साली बाजार समितीनं
त्या जागेवर सिमेंट टाकलं, कापसाच्या गाड्यांसाठी.
ती बघायला आली, गुडघ्यावर हात ठेवत.
सीझन नव्हता, पोरं क्रिकेट खेळत होती.
त्यांचा रबरी चेंडू तिच्या पायाशी आला
तो तिनं उचलला आणि नुसताच सोडला.
चार पावलं चालली, पुन्हा सोडला.
मग कोपऱ्यात, कुंपणाजवळ,
जिथं शनिवारी ऊन सगळ्यात उशिरा उतरायचं.
‘सारखंच उठते बाबू,’ ती म्हणाली, ‘सगळीकडं.’

‘आजी, बॉल दे ना वं!’ पोरं ओरडली.
तिनं उघड्या तळहातानं खालून मारला.
चेंडू पोरांच्या डोक्यांवरून गेला,
काट्यावरून, वखारीवरून,
कुठं पडला ते दिसलंच नाही.

पोरं तोंड वासून उभी.
मी तोवर निम्म्या वाटेत पोचलो होतो,
धोतराचा सोगा हातात धरून,
अठ्ठावन्न वर्षांचा.