'आज' ही स्थिर किंमत नाही

पहाटेचे सव्वातीन. ससून डॉकच्या मागे,
बर्फाच्या गोदामावर आमची एवढीशी खोली.
दोन टेबलं, एक यूपीएस,
आणि लादीतून वर झिरपणारा गारठा.
मे महिन्याच्या मुंबईत
लोकरीचे मोजे घालून काम करणारी
मी एकटीच असेन.

पापलेटाच्या क्लासच्या डोक्यावर
चौकोनी कंसात एक बिल्ला लावायचा होता,
[ताजा(आज)]
एवढंच. पुढचं प्रोग्राम ठरवणार होता,
कोणता क्रेट लिलावाला, कोणता परत बर्फात,
कोणता सुकटवाल्याच्या टेम्पोत.

कंपायलरने आधी कुळ विचारलं.
म्हणाला, ताजा हा बिल्लाच नव्हे,
कोणाच्या पोटचा ते कुठे लिहिलंय?
खरंच की, राहिलंच होतं.
विसर्गासारखे दोन टिंब, पुढे बापाचं नाव:
ताजा : ॲट्रिब्यूट
झालं घराणं.

मग म्हणाला, हा क्लासचा बिल्ला,
तू लावलास वजनाच्या रकान्याला.
म्हणजे टोपलीचा शिक्का शेपटीवर. हलवला.
मग म्हणाला, एकाच माथ्यावर दोनदा.
झोप, दुसरं काय. एक पुसला.

तेविसाच्या सोळा झाल्या, सोळाच्या चार,
चारांची एक.
ती मात्र ठाण मांडून बसली, ओळ एकशे बारावर:
कंसातली किंमत स्थिर हवी.
'आज' ही स्थिर किंमत नाही.

तांबडी नागमोडी रेघ 'आज'च्या खाली.
कोणी शाळामास्तराने ओढावी तशी.

घड्याळच देऊन पाहिलं. नाही.
आज नावाचं एक चल केलं, ते दिलं. नाही.
कंस रिकामा ठेवला, तर चाललं!
शून्य चुका, हिरवी खूण,
आणि डॉकवरचा सगळा मासा जन्मभर ताजा.
बघत बसले जरा वेळ त्या हिरव्या खुणेकडे.
मग पुसलं. एवढ्या खोट्यावर
माझी सही होईना.

सुफियान मुकादमला फोन लावला, मुंब्र्याला.
त्याच्या लेकीला दात येतायत, म्हणून जागाच.
"अगं, बिल्ला आधीच कोरलेला असतो,
प्रोग्रामने डोळे उघडण्याआधी.
तेव्हा कुठला आलाय आज?"
मागे लेक रडली, फोन बंद.

चारला खाली उतरले.
द्रुपदा नाखवा उलट्या क्रेटवर बसून
चहाच्या ग्लासाने हात शेकत होती.
विचारलं, मावशी, ताजा कसा ओळखता?
तिने बोटाने एकाचा कल्ला उचकटला,
आत लालभडक. शेजारच्याचा, आत विटका.
"आधी सांगून ठेवता नाय येत, बाय.
उघडून बघावं लागतं. दर वेळेला."

मी निघाले तशी मागून म्हणाली,
"पण बर्फ नीट असला ना,
तर पापलेट चार दिवस निघतंच.
त्यात काय फरक नाय."

जिन्यात तीन पायऱ्यांवर थांबले.
त्यात काय फरक नाय.
मग उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत.

[टिकतो(4)]
चार. कोरा खुशाल.
आणि जाळ्यातून कधी निघाला, आत्ता किती वाजले,
ते त्या त्या क्रेटला, लिलावाच्या क्षणी,
कल्ला उचकटून विचारायचं.

कंपायलर फार वेळ काही बोलला नाही.
खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं,
टेबलावरचा माऊस आपोआप थरथरला.
मग आलं: चुका शून्य. इशारा एक, पिवळ्या अक्षरांत,
'आज' केलात, पण कुठेच वापरला नाहीत.

ती ओळ खोडायला हवी होती.
मी मोजे काढले.
खाली कोणीतरी पहिला आकडा पुकारला होता.