हजेरीची वही

हर्णैच्या बंदरात लिलाव उरकला की
बहादूर जाळं शिवत बसतो, माझ्या बोटीच्या सावलीत.
एकोणीस वर्षांचा होईतो समुद्र पाहिला नव्हता त्याने.
आता भरती त्याला माझ्याआधी कळते.

मी एकवीस वर्षं कुवेतला होतो.
परक्या गच्च्यांवर एसीच्या नळ्या जोडल्या.
तिथे माझं नाव रफीक. माझंच नव्हे, सगळ्यांचंच.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
पण खोटं कशाला बोलू,
शुक्रवारी पाण्याकाठी एकटा बसलो
तर "कुणाचा रे तू?" म्हणणारं कुणी नसायचं,
आणि ते बरं वाटायचं.
इथे शिंकलो तरी फुफूच्या घरी ऐकू जातं.

नंतर नंतर
कुणीतरी विचारावं म्हणून
मीच कान देऊन बसायचो.

त्याच पगारातली ही बोट. दोन बहिणींची लग्नं.
बापाच्या मातीला तेवढा पोचलो नाही.

परवा तपासणीला साहेब आले.
खलाशांची नावं सांगा, म्हणाले.
मी सांगितली: बहादूर, धाकटा बहादूर,
आणि तो एक, सुकाणूजवळचा, तोही बहादूर.
साहेब हसले.
त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला,
दोन्ही हातांनी पुढे धरला.
लोकेंद्र रोकाया. जाजरकोट.

रात्री हजेरीच्या वहीत मी खाडाखोड करत होतो,
तो कंदील धरून उभा.
म्हणाला, "शेठ, तुमचं नाव काय?"

हर्णैत जन्मलेल्याला
हर्णैत कुणी नाव विचारत नाही.
मी जरा थांबलो.