माझा आवाज आला तरी

वाळपईहून अग्निशमनची गाडी आली
तेव्हा चौथीची पोरं भागाकार टाकून खिडकीला लटकली.
फळदेसाय साहेबांनी शिटी दाखवली, घड्याळ दाखवलं.
तीन लांब ठोके म्हणजे आग, मैदानात पळायचं.
एकच न थांबणारी घंटा म्हणजे
कुणीतरी आत शिरलंय.

कोण, सर?
उर्मी गावसने विचारलं.
कुणी नाही गं. समजायचं, इतकंच.

नगरगावच्या आमच्या शाळेची कडी गंजून आडवी झालेली,
म्हणून दाराला कपाट लावायचं ठरलं.
नकाशांचं कपाट, त्यातच
गेल्या चवथीच्या माटोळीचा काथ्या.
उघडायचं नाही, मी बजावलं,
कुणीही हाक मारली तरी.
माझा आवाज आला तरी.

सांतानने घंटा बडवली.
मी व्हरांड्यात.
सतरा पोरं बाकांखाली, आणि पहिल्यांदाच
बाहेरून मला वर्गातल्या पंख्याची कुरकुर ऐकू आली.

चार मिनिटं. साहेबांनी वहीत खूण केली.
झालं रे, उघडा.

काहीच नाही.

उर्मी, मी आहे. सर.

आत कपाट आणखी थोडं सरकलं,
दाराकडे.

साहेब हसले, सांतान हसला.
मी माझ्याच वर्गाबाहेर
सतरा जोड चपलांमध्ये उभा,
फक्त माझाच असेल असा शब्द शोधत.
सापडेना.
शेवटी विचारलं,
अठ्ठेचाळीस भागिले सहा?

बाकाखालून, अगदी दबकं:
आठ.

दार मात्र उघडलं नाही.