लेश

मोजता येणार नाही इतका पाऊस पडला
तर शून्य लिहायचं नाही,
‘लेश’ लिहायचं,
असं युलोहिया चोकेला शिकवून गेले
इकिकेचे साहेब.

अटाकामाच्या वाळवंटात अकरा वर्षं
सकाळी आठला ती पर्जन्यमापक उघडते.
नरसाळ्यात धूळ.
एकदा पाल, तीही वाट चुकलेली.
वातकुक्कुट गंजून दक्षिणेला अडकलेला.

आज काचेच्या नळीत तीन मिलिमीटर!
आभाळ तर कोरडंठाक.
तिनं बोट बुडवलं, हुंगलं:
साबण.

कुंपणापलीकडे म्हातारा एर्मोहेनेस
घासलेलीच बादली घासत बसला होता,
मान वर न करता.

काही न विचारता
तिनं ते पाणी डाळिंबाला घातलं.
वहीत शाईनं शून्य,
आणि शेजारी, पेन्सिलीनं,
खोडता येईल असं,
लेश.